सातव्या खांबाजवळची एक्केचाळीस बिळं

सोमवार, ४ फेब्रुवारी

माझं काही खरं नाही! शुक्रवारी ताई शिकवते त्या वर्गातली बत्तीस मुलं खाडीकाठचं खाजण बघायला येणार. तीही थेट सातव्या खांबापर्यंत. ऑफिसातल्या साहेबांनी माझी मोजणीची वही समोर ठेवून ताईला स्वतःच्या हाताने उत्तर लिहिलं — जमीन टणक, खेकड्यांची बिळं ४१. त्यांच्या चारच्या आकड्याची शेपटी नेहमीसारखी खालच्या ओळीत घुसलेली.

ते ४१ मी लिहिलंय. आणि मी तिथे कधी पोचलेलीच नाही.

मंगळवार, ५

इथे तरी खरं लिहिते. सप्टेंबरात दर खांबाजवळची बिळं मोजायच्या कामाला लागले, पहिलीच मोजणी. सहाव्या खांबापुढे पाय टाकला आणि कमरेपर्यंत आत! खाऱ्या गवताचा एक झुपका हाताला लागला म्हणून वाचले. डावा गमबूट अजून तिथेच आहे. साहेबांना सांगितलं, चोरीला गेला. एक बूट नेणारा चोर! त्यांनी काही विचारलं नाही.

त्या दिवशी माझ्या आधीच्या बाईंच्या वहीतला आकडा उतरवला. मग दर महिन्याला तोच.

बुधवार, ६

ओहोटी बघून दुपारी गेले. म्हटलं, एकदा जाऊन यावं, कदाचित टणक असेलही. सहाव्या खांबापर्यंत सगळं नेहमीचं — एक नांगी मोठी असलेले खेकडे बिळाबाहेर, गवताच्या काड्यांवर चढलेल्या गोगलगायी, पोटावर सरपटणारे निवटे मासे. पुढे मात्र चिखल नुसता चकाकतोय. बगळासुद्धा उतरत नाही तिथे.

परत आले. लाज वाटते, पण आले.

संध्याकाळी ताईचा फोन. मुलांना जुने बूट आणायला सांगितलेत, पहिला कोण पोचतो अशी शर्यत लावणार आहे म्हणाली. शर्यत! मी चाचरत म्हटलं, दुसरीकडे नेऊ या का? तर हसायला लागली. "अगं, तू स्वतः मोजलंयस म्हणून तर मी हो म्हटलं."



गुरुवार, ७

सांगितलं. साहेबांच्या टेबलासमोर उभं राहून, सगळं, बुटासकट. नोकरी गेलीच असं धरून चालले होते. पण ओरडले नाहीत. पांढरेफटक पडले. फक्त विचारलं, "किती आत गेली होतीस?" मी कमरेला हात लावून दाखवलं. मग ताईला फोन करून मोठ्या भरतीचं कारण दिलं, सहल रद्द केली. मला म्हणाले, कुणाजवळ बोलू नकोस.

ताई चिडली आहे. चिडू दे. बत्तीसच्या बत्तीस उद्या वर्गातच असतील.

पण साहेब का चिडले नाहीत? त्याचीच जास्त भीती वाटते आहे.

शुक्रवार, ८

ऑफिसच्या कपाटातल्या जुन्या वह्या काढल्या. पहिल्या सहा खांबांचे आकडे दर महिन्याला वेगळे. असणारच, खेकडे कुठे एका घरात टिकतात! सातव्याला ४१. आधीच्या बाईंच्या वहीत ४१. त्यांच्या आधीच्या गृहस्थांच्या वहीत ४१. नऊ वर्षं ४१.

सगळ्यात जुन्या वहीचं पहिलं पान उघडलं. तिथल्या चारची शेपटी खालच्या ओळीत घुसली आहे.