फ्रिजवरचा कागद

ता. १४ मार्च

दादा,

नमस्कार. मी बरा आहे. तू बराच असणार, तुला काय धाड भरलीय! फोनवर "सातवी नापासाने मला शिकवू नये" म्हणून गप्प करतोस, म्हणून लिहितोय. मास्तर आहेस, चुका लाल पेनाने काढत बस.

वहिनीने बाबांचा फोटो पाठवला. सोबत तुझा निरोप, "वजन बारा किलो उतरलं, सूज गेली." अरे शहाण्या, सूज डायलिसिसच्या पहिल्याच महिन्यात गेली होती. नंतर गेलं ते मांस! गालफडं बसलीत, शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतोय, आणि तू स्वतःचीच पाठ थोपटतोयस.

मी इथे हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात ट्रे भरतो. डायलिसिसवाल्यांच्या ट्रेत अंडी दिसली. मला वाटलं चुकून आलीत, मी काढून ठेवली. आहार ठरवणारी बाई अशी भडकली! "मारतोस का त्यांना?" मशीन लागायच्या आधी अंडी-मांस कमी खायचं. मशीन लागलं की उलट. ते घाणीबरोबर अंगातला कसही धुऊन नेतं, आणि जो वाळत जातो तो लवकर जातो, असं ती म्हणाली.

तुझा तो फ्रिजवरचा पथ्याचा कागद बाबांना मशीन लागायच्या दोन वर्षं आधीचा. त्याचं तू लॅमिनेशन केलंस. लॅमिनेशन! वर तारीख आहे, ती तरी वाचता येते ना?

पाणी, मीठ मोजतोस तेवढं चालू ठेव. बाकीचं उद्याच तिथल्या आहारवाल्या बाईला विचार. परवा नाही, उद्या.

आणखी एक. मी सुट्टीवर आलो होतो तेव्हा बाबांनी तुझ्या छोटीच्या ताटातलं अर्धं अंडं उचललं होतं. तू नुसतं फ्रिजकडे बोट दाखवलंस. हातातून काढून घेतलं ते मी. "या वयात लाज नाही वाटत?" हेही मीच बोललो. बाबा "बरं बाबा" म्हणाले आणि अर्ध्या जेवणावरून हात धुवायला उठले. तेव्हापासून त्यांनी काही मागितलेलं वहिनीला आठवत नाही. तू म्हणतोस, त्यांची भूकच मेली. भूक कसली मरते, गाढवा! आपण दोघांनी मारली.

त्यांना सांग, धाकट्याने खायला सांगितलंय. माफीचं मी येऊन बोलेन. तोवर त्यांना टिकव.

तुझ्याइतकाच नालायक,
धाकटा