गच्चीवरची डिश

३ जून २०१२, रविवार

सुभद्रा वाळवणासाठी गच्चीवर गेली नव्हती.

हे वाक्य आज पंधरा दिवसांनी प्रथम लिहितो आहे, आणि तेही केवळ इथे.

तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. येणाऱ्या प्रत्येकाला एकच हकीकत सांगितली गेली — मे महिना, सेहेचाळीस अंश, कुरडया उलथवायला वर गेली आणि भोवळ येऊन पडली. डॉक्टरांनी उष्माघात लिहिला. कुरडयांचे प्रथम रागिणीनेच सांगितले. अकोल्याहून आली, आईजवळ बसली, आणि माझ्या थोरल्या बहिणीने "एवढ्या उन्हात वर काहून गेली ते?" असे विचारताच म्हणाली, "मीच मागितल्या होत्या कुरडया. माझ्यासाठीच गेली." मी समोर उभा होतो. माझ्या एकुलत्या एका मुलीने दोष स्वतःवर घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

मे महिन्यात बाई गच्चीवर कशाला गेली, असे आपल्या वऱ्हाडात कोणी दुसऱ्यांदा विचारत नाही.

४ जून

तिला मी पाठवले. डिश फिरवण्यासाठी.

७ जून

क्रमाने लिहावे. विद्यार्थ्यांना एकतीस वर्षे तेच सांगत आलो.

मार्चमध्ये नवा टीव्ही घेतला, सोबत एचडीची जोडणी. मेच्या मध्यावर पडद्याच्या तळाशी पट्टी फिरू लागली — आणखी एचडी वाहिन्या दाखल. त्यातील एक भूगोलाची म्हणावी अशी होती. नद्या, हिमनद्या, वाळवंटे. मी नदीची वळणे आयुष्यभर खडूने काढली; नदी अशी कधी दाखवता आली नाही. परंतु नव्या वाहिन्या लावल्या की पडद्यावर "सिग्नल उपलब्ध नाही". जुन्या मात्र व्यवस्थित.

इनायतुल्लांना फोन केला. राजापेठेत त्यांचे दुकान, आणि घर आमच्या भिंतीला भिंत लागून. म्हणाले, डिश किंचित फिरवावी लागेल, सोमवारी येतो. तो दिवस शनिवार होता. नदीचा कार्यक्रम दुपारी एकला होता.

अँटेनाच्या काळी हे काम आम्ही दोघांनी शेकडो वेळा केले. ती वर, मी पडद्यासमोर. मीच वर जाऊन नट ढिला करून आलो आणि तिला म्हटले, चल.

ती म्हणाली, "ऊन उतरू द्या ना जी. पाच वाजता करू."

पाच वाजता नदी नव्हती.

१२ जून

इनायतुल्ला न सांगता येऊन गच्चीवर गेले. मला धाप लागेपर्यंत मी त्यांच्यामागे जिना चढलो. डिश मान टाकल्यासारखी किंचित वाकलेली होती. म्हणाले, "सर, डिश किसने हिलाई?"

मी म्हणालो, वानरे फार झाली आहेत.

त्यांनी नट बोटाने फिरवून पाहिला. "वानर अब पाना भी चलाने लगे क्या, सर?" — आणि स्वतःच हसले. मी हसलो नाही. मग तेही थांबले, आणि विषय बदलून धंद्याचे बोलू लागले. चांदूर रेल्वेकडच्या गावांत लोक साधा पॅकसुद्धा बंद करत आहेत. कापूस गेला, सोयाबीन गेले, आता डिशच्या छत्र्यांवर ज्वारी वाळते. आणि इकडे राजापेठेत रोज कोणी ना कोणी विचारतो, एचडी कधी लावता? "एकच जिल्हा आहे सर," म्हणाले.

डिश नीट करू का, असे त्यांनी विचारले. मी नको म्हटले. का, ते त्यांनी विचारले नाही.

१९ जून

एक महिना झाला. दुपारी टीव्ही लावला. जुन्या वाहिन्या तेवढ्या, अधूनमधून तुटणाऱ्या. दोन तास पाहिला. बरे वाटले! हेही लिहिणे भाग आहे.

१ जुलै, रविवार

अकोल्याला जाऊन आलो. सांगायचे ठरवून गेलो होतो.

रागिणीच्या सासूबाई, इंदूबाई, ताट वाढून झाल्यावर समोर बसल्या. पाहुण्याला आग्रह करावा तसे बोलल्या — "घ्या ना, व्याहीबुवा. कुरडई तेवढी नाही आमच्या इथं. आता कोणी मांगतच नाही बाप्पा. एका बाईचा जीव गेला तिच्यापायी."

रागिणी पोळी वाढत होती. हात थांबला नाही. जावई गोपाल मान खाली घालून जेवत होता. त्याच्या बँकेत सध्या दिवसभर कर्जदार बसलेले असतात, घरी येईपर्यंत त्याच्यात शब्द उरत नाहीत. मीही जेवलो. भात दुसऱ्यांदा घेतला.

निघताना रागिणीने विचारले, "बाबा, काही बोलायचं होतं का?"

नाही म्हणालो.

२ जुलै

नाही म्हणालो.

१५ ऑगस्ट

पडद्याखाली पुन्हा पट्टी. आणखी अकरा एचडी वाहिन्या. क्रीडा, चित्रपट, बातम्या. माझ्याकडे त्यातली एकही दिसत नाही आणि कंपनीची मुलगी फोनवर फार अदबीने विचारते, सर, आपली डिश तपासून घ्यायची का?

संध्याकाळी नसीमबानो — इनायतुल्लांच्या पत्नी — गच्चीच्या भिंतीपलीकडून बोलल्या. सुभद्रा त्यांना बहिणीसारखी होती. म्हणाल्या, "सर, वाळवण तर भाभीनं त्या दिवशी सकाळीच उचललं होतं. चादरीचं दुसरं टोक मीच धरलं होतं."

मी म्हणालो, थोडे राहिले असेल.

"हां. राहिलं असेल," त्या म्हणाल्या आणि कपडे काढू लागल्या.

९ सप्टेंबर, रविवार

उरलेले लिहितो. अर्धे लिहिणे हेही एक प्रकारचे खोटे बोलणेच झाले.

पडद्यावर सिग्नलचे टक्के दिसतात. मी खिडकीतून ओरडत होतो. बेचाळीस — उजवीकडे — एकोणपन्नास — अगं, फार झाले, मागे घे! — सत्तावन्न. पूर्वीच्या अँटेनात चित्र हळूहळू उजळत असे. यात तसे नाही. सगळे काळे, आणि मग एकदम सगळे. बहात्तर टक्क्यांवर नदी आली.

मी ओरडलो, "आता हलवू नकोस. धरून ठेव. मी पाना घेऊन येतो नट आवळायला."

पाना माझ्या हातातच होता.

मी गेलो नाही. क्षणभर पाहावे म्हणून उभा राहिलो, मग खुर्चीच्या कडेवर बसलो, मग नीट बसलो. गाळाच्या काठावर पक्ष्यांच्या पावलांचे ठसे मोजता येत होते. एवढे स्पष्ट मी आयुष्यात काही पाहिले नव्हते. ती वर आहे, हे मी विसरलो नव्हतो. विसरलो असतो तर बरे झाले असते. मला वाटले, आहे ना धरून, अजून दोन मिनिटे.

पंधरा मिनिटे झाली. कार्यक्रमाची वेळ पडद्यावर दिसत होती, म्हणून नेमके सांगता येते.

मग चित्राचे चौकोन झाले आणि पडदा काळा पडला. मी रागावलो. "सोडलीस कशाला?" असे खिडकीतून दोनदा ओरडलो. नंतर गच्चीवरून नसीमबानोंची हाक ऐकू आली.

वर गेलो तेव्हा तिच्या दोन्ही हातांना पदर गुंडाळलेला होता. डिशचा पत्रा तापलेला होता.

१४ सप्टेंबर

रागिणीला पत्र लिहायला घेतले. "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" अशी सुरुवात झाली. फाडले. दुसरे पत्र प्राचार्यांना रजेचा अर्ज करावा तसे झाले. तेही फाडले.

२१ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी गोपालचा फोन. तो कधी स्वतःहून करत नाही. म्हणाला, "बाबा, सांगू नये पण सांगतो. आई रागिणीले महालक्ष्म्यांच्या सैपाकाले हात लावू देऊन नाही राहिली. म्हणते, जिनं मायले उन्हात मारलं तिच्या हातचा नैवेद्य नको. अन् ही उलटून एक शब्द बोलत नाही. तुमी तिले समजवा."

मी तिला काय समजावणार!

दिवसभर घरात फिरत राहिलो. चार महिने मी स्वतःला सांगत आलो की तिचे दुःख ओसरेल, लोक विसरतील. लोक विसरलेले नाहीत. माझ्या जागी ती उभी आहे, आणि तिला तिथून हलायला मी सांगितलेले नाही.

उद्याच्या पहिल्या गाडीने जातो.

२२ सप्टेंबर. अकोला.

इंदूबाईंसमोर, गोपालसमोर, जेवायला आलेल्या बायकांसमोर सांगितले. टक्के, नदी, पाना, पंधरा मिनिटे. इंदूबाई उठून आत गेल्या.

रागिणी ऑटोपर्यंत सोडायला आली. म्हणाली, "आई माझ्याशीच बोलत होती बाबा, फोन खांद्यात दाबून. तुमचा आवाज मला ऐकू येत होता. मी म्हटलं, सोड ते, उतर खाली. तर म्हणे, तुझ्या बाबाचं चित्र जाईन. मग फोन पडल्याचा आवाज आला. नसीमचाचींना मीच फोन केला."

कुरडया तिने मागितल्याच नव्हत्या.