काचेवरचं टेंगूळ

उद्यमनगर, कोल्हापूर
ऑक्टोबर १९९८

आदरणीय आक्का,

धाकट्या भावाचा सप्रेम जयभीम. दाजींचा गुडघा कसा आहे? (त्यांना म्हणावं, मोटारसायकल आता पोराला द्या.) मी इकडे मजेत आहे. रूपालीच्या स्थळाबद्दल तू रागावून विचारलं आहेस, आणखी किती जणींत खोट काढणार म्हणून. त्याकडे येतोच, पण आधी कारखान्यातलं ऐक.

आमच्याकडे पंपाच्या पिना होतात. त्यांचा आकार बरोबर आहे का, हे मी प्रोजेक्टरवर बघतो. काचेवर पिन ठेवायची, खालून उजेड सोडायचा, की पडद्यावर तिची वीसपट मोठी सावली पडते. ती आखलेल्या आकृतीत बसली तर पास, नाहीतर भंगार. दीक्षाभूमीहून परतल्यावर पहिलीच पिन ठेवली, तर टोकाला टेंगूळ! दुसरीला तेच, तिसरीलाही तेच. दुपारी पुण्याचे साहेब माल बघायला येणार, माल नापास झाला तर पुढची ऑर्डरही जाणार, त्यामुळे आमचे मालक हंबीरराव घामाघूम. मी मात्र (तुझ्याशी खोटं कशाला बोलू) आतून खूश होतो. माझ्याशिवाय हा दोष दिसला असता कुणाला? लेथवरच्या शमशुद्दीनचाचांना मी पुन्हा पुन्हा हत्यार घासायला लावलं. शेवटी ते म्हणाले, "साहेब, आता हत्यारच उरलं न्हाय की घासायला!" मी अर्थातच दुर्लक्ष केलं.

चहाच्या वेळी पिन उचलून डबीत टाकली आणि सहज पडद्याकडे बघितलं. पिन नव्हती, टेंगूळ होतं. चौकशीत कळलं की मी नसताना खंडेनवमीला हंबीररावांनी सगळ्या मशिनींना ओलं कुंकू लावलं. प्रोजेक्टरचं कपाळ कुठं ते समजेना, म्हणून काचेवरच अंगठा टेकवला. (उलट त्यांनीच मला विचारलं, "मग तू काच पुसली का न्हाईस?") काच पुसली, सगळ्या पिना पास. पुण्याचे साहेब भडंगाचा पुडा घेऊन खुशीत गेले. चाचांनी मला चहा पाजला आणि सगळ्या शॉपला ही गोष्ट रंगवून सांगितली. मीही पोट धरून हसलो. फार छान दिवस गेला, आक्का.

तुझा,
प्रसेनजीत

ता. क. रूपालीचं नाक फोटोत वाकडं दिसतं, असं मी मागे कळवलं होतं. फोटो माझ्या डब्याच्या पिशवीत होता. काल पुसला, चटणीचं तेल निघालं. नाक सरळ आहे. डोळे तर फारच छान आहेत. रविवारी बघायला येतो, त्यांना आजच निरोप धाड.

पुन्हा ता. क. त्यांना माझा फोटो देशील तो मात्र पुसू नकोस. शाईचा डाग नेमका टकलावर पडलाय. लांबून केसच वाटतात.