तपासणाऱ्याची सही

रविवार, २ मार्च
आजपासून रोजनिशी. कारण सकाळी मोजे घालताना दम लागला. मोजे जुनेच होते, म्हणजे त्यांच्यात बदल झालेला नाही. ही म्हणाली की डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगून सहा महिने झाले. मी म्हणालो की मी योग्य दिवसाची वाट बघत होतो. तो आज उजाडला.

मुंगीशी करार केला. मुंगी म्हणजे आमची लेक, वय नऊ. दारावर, खिडकीच्या गजांवर, माझ्या खांद्यावर, कुठेही चढते म्हणून मुंगी. घाबरते फक्त पाण्याला. उद्यापासून तिचा पोहण्याचा क्लास. सोमवार ते शुक्रवार, चार आठवडे, शेवटच्या दिवशी खोल पाण्यात उडी. ती टेबलाखाली जाऊन बसली. पाण्यात उतरेन पण कठडा सोडणार नाही, म्हणाली. मला वाकता येत नाही, म्हणून मी शेजारी जमिनीवरच बसलो आणि तिला सांगितलं, तू कठडा सोड, मी बर्गर सोडतो. वर रोज वीस मिनिटं घरी व्यायाम. तिने बराच विचार केला आणि हात पुढे केला. मला उठवायला मग दोघी लागल्या.

लगेच तक्ता आखला. प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या फॅक्टरीत मी सेफ्टी ऑफिसर आहे. तक्ते आखण्यात माझा हात धरणारा कोणी नाही. तारीख, काम, खूण, तपासणाऱ्याची सही. फ्रिजवर लावला. नियम फॅक्टरीचाच: स्वतःच्या कामावर स्वतः सही करायची नाही. माझ्या रकान्यात मुंगीची सही, तिच्या रकान्यात माझी. तिने पाठकोऱ्या कागदावर सहीचा सराव केला. माझ्या सहीपेक्षा तिची वाचता येते.

सोमवार, ३ मार्च
सहाचा गजर. साडेसहाचा गजर. सात वाजता उठलो. व्हिडिओ लावला. त्यातली बाई हसत हसत उड्या मारते. तिच्या खाली कोणी राहत नसावं. आमच्या खाली निवृत्त मास्तर राहतात. चार मिनिटांत वर आले आणि काळजीने विचारलं, कपाट पडलं का. शेजारधर्म म्हणून थांबलो.

संध्याकाळी क्लास. पोहणं शिकवणाऱ्या बाई उंच, गळ्यात शिटी, बोलणं मोजकं. प्रत्येक मुलाचं एक कार्ड आहे. बाई रोज त्यात शेरा लिहिणार, पालकांनी सही करून परत द्यायचं. व्यवस्था मला फार आवडली. त्यांना तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, वाचत चला म्हणजे झालं.

पालकांना बाकावर बसून बघता येतं. पण मला क्लोरीन सोसत नाही, डोळे चुरचुरतात. गाडीत बसलो. मुंगी ओल्या केसांनी आली, कार्ड पुढे केलं. स्टिअरिंगवर ठेवून सही केली. घरी ती म्हणाली, बर्गर? मी म्हणालो, नाही. ते खरंच होतं. एकमेकांच्या रकान्यात सह्या केल्या. प्रसन्न वाटलं.

बुधवार, ५ मार्च
गाडी लावतो तिथे बरोबर समोर बर्गरचं दुकान आहे. दुसरीकडे जागा नाही. म्हणजे पलीकडच्या गल्लीत आहे, पण तिथून चालावं लागतं. आज फक्त वास घेतला. वासाला कॅलरी नसतात.

गुरुवार, ६ मार्च
नीट विचार केला. बर्गरमध्ये सॅलडचं पान, कांदा, टोमॅटो. निम्म्याहून जास्त भाजीच. अर्धा खायचा ठरवला. उरलेला अर्धा टाकणं म्हणजे अन्नाचा अपमान. कागद स्टेपनीखाली ठेवला.

क्लास सुटल्यावर मुंगी गाडीत बसली, पिशवीतून टिश्यू काढून मला दिला. किती समजूतदार पोर. घाम दिसला असेल. कार्डावर सही केली. घरी तिने विचारलं, व्यायाम झाला? बर्गर नाही ना? मी म्हणालो, झाला, नाही. तिने माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि सही केली. मीही तिच्या रकान्यात कठडा सोडल्याची खूण करून सही केली. जेवण गेलं नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात, पण ते आंबट ढेकरही असतील.

सोमवार, १० मार्च
सोमवार म्हणजे फॅक्टरीत आग विझवायच्या सिलिंडरांची तपासणी. बेचाळीस सिलिंडर. जाग्यावर आहे का, दाबाचा काटा हिरव्यात आहे का, पिन शाबूत आहे का. अकरा मिनिटांत आटोपलं. अनुभवी माणसाला त्यासाठी खुर्चीतून उठावं लागत नाही.

डबा खाताना भीतीचा विषय निघाला. स्टोअरकीपर एवढा दांडगा, पण पाल दिसली की टेबलावर चढतो. पॅकिंगच्या बाईंना लिफ्टची भीती. कोणाला सुईची, कोणाला विजेची. मला विचारलं. मी म्हणालो, मला कशाचीच भीती वाटत नाही, सेफ्टीच्या माणसाला परवडत नाही. सगळे गप्प झाले. आदर असावा.

संध्याकाळी एक, सॉस जास्त घालून.

बुधवार, १२ मार्च
व्यायाम: प्लँक. हाताच्या कोपरांवर आणि पायांच्या बोटांवर फळीसारखं ताठ राहायचं. अकरा सेकंद ताठ राहिलो, पुढची नऊ मिनिटं नुसता पालथा. हिने वरून ओलांडून कपडे वाळत घातले. तक्त्यात वीस मिनिटं लिहिलं. तयारी धरून.

शुक्रवार, १४ मार्च
आईचा फोन आला. तिला सांगितलं की नात आता मासोळी झाली आहे. आई म्हणाली, माझ्यावर गेली म्हणायची. तू लहानपणी हौदात पडलास तेव्हापासून अंघोळीलासुद्धा बोंब मारायचास. आईची स्मरणशक्ती आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. मी हौदात पडलो नव्हतो. घसरलो होतो.

मंगळवार, १८ मार्च
आज दोन खाल्ले. एक खाताना दुसऱ्याचा विचार येत होता आणि मनात विचार दाबून ठेवणं वाईट. खाऊन झाल्यावर मात्र जीव रडकुंडीला आला. ते पोर रोज भीतीशी झुंजतंय आणि बाप गाडीची काच वर करून चीज चाटतोय. मला माझी लाज वाटली. सबंध दोन मिनिटं वाटली. कानाला खडा लावला. उद्यापासून गाडी पलीकडच्या गल्लीत.

मुंगीने टिश्यू दिला. आता रोज दोन आणते.

बुधवार, १९ मार्च
पलीकडच्या गल्लीतून दुकानापर्यंत चालत जावं लागलं. येऊन-जाऊन सहाशे पावलं. हा व्यायाम धरला.

क्लास सुटल्यावर मुंगी म्हणाली, बाईंनी आज कार्डात मोठं लिहिलंय. मी म्हणालो, वा, शाबास, आणि सही केली. ती म्हणाली, बरं.

सोमवार, २४ मार्च
वजनकाटा बाहेर काढला. काट्यात बिघाड आहे. सपाट जागेवर ठेवूनही जवळजवळ तीन किलो जास्त दाखवतो. परत पलंगाखाली.

बेचाळीस सिलिंडर, नऊ मिनिटं.

गुरुवार, २७ मार्च
उद्या उडी. फॅक्टरीत सगळ्यांना सांगून ठेवलं. मॅनेजरसाहेबांना सांगितलं, की धाक नाही, नुसता तक्ता आणि विश्वास. साहेब म्हणाले, लिहून द्या, नोटीसबोर्डवर लावू. दुपारी लिहायला बसलो. पहिलं वाक्य चांगलं जमलं: 'मूल आपलं ऐकत नाही, आपल्याकडे बघतं.' पुढे सुचेना. चोराच्या मनात चांदणं. तीन वेळा पाणी प्यायलो आणि कागद खणात टाकला.

ठरवलं, उद्या मुंगीची उडी झाली की तिला बर्गरचं सगळं सांगून टाकायचं. आधी सांगून तिचं मन विचलित करण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी कार्डावर सही केली. घाईत होतो, हात सॉसचे होते, तरी सही झोकदार आली.

शुक्रवार, २८ मार्च
लिहवत नाही. तरी लिहितो.

हीसुद्धा आली होती. त्यामुळे गाडीत बसता आलं नाही, आयुष्यात पहिल्यांदा त्या बाकावर बसलो. पाणी निळं, हलणारं, तळ कुठे आहे ते नक्की कळत नाही. बाकाची कड दोन्ही हातांनी धरली. ही म्हणाली, तू का घाबरलास. मी म्हणालो, क्लोरीन.

मुलं रांगेत उभी राहिली. मुंगी रांगेत नव्हती. टॉवेल गुंडाळून कोपऱ्यात बसली होती. मी उठलो. फॅक्टरीत वापरतो तो आवाज काढला आणि बाईंना विचारलं की सगळ्यांना संधी आणि माझ्या मुलीला का नाही. चार पालक वळून बघायला लागले, म्हणून आवाज आणखी चढवला. बाई शांतपणे म्हणाल्या, "अहो, काल तुम्हीच सही केलीत ना?" आणि कार्ड माझ्या हातात दिलं.

एकोणीस दिवसांचे एकोणीस शेरे. ३ मार्च: कठडा सोडत नाही. ४ मार्च: कठडा सोडत नाही. ११ मार्च: अजून सोडत नाही, घरी धीर द्यावा. १९ मार्च, ठळक अक्षरात: पालकांनी एकदा तरी बाकावर येऊन बसावे, मूल सारखे दाराकडे बघते. २७ मार्च: उद्या उडी नको असे माझे मत, मान्य असल्यास सही करावी. प्रत्येक शेऱ्याखाली माझी सही. शेवटच्या सहीवर सॉसचा ठसा.

ही माझ्या खांद्यावरून वाचत होती. वाचून झाल्यावर ती मुंगीजवळ जाऊन बसली. 

गाडीत मुंगीला विचारलं की घरी रोज तक्त्यात मी 'कठडा सोडला' लिहायचो, तेव्हा का नाही सांगितलंस. ती गोंधळली. म्हणाली, "मी रोज तुला कार्ड देत होते की. मला वाटलं तू वाचतोस आणि मला बरं वाटावं म्हणून तसं लिहितोस. म्हणून मीपण तुझ्या बर्गरचं काही बोलले नाही." मग म्हणाली, "आपलं तसं ठरलंय असं वाटलं मला."

मी विचारलं, बर्गरचं कसं कळलं. तिने पिशवीतून टिश्यू काढला आणि माझ्या मिशीकडे बोट दाखवलं.

आज काही खाल्लं नव्हतं. ठसा कालचा होता, मिशीतलाही बहुतेक कालचाच.

शनिवार, २९ मार्च
ही बोलते आहे, पण फक्त कामापुरतं. मुंगी नेहमीसारखी आहे. दारावर चढली, उतरली. तिने माझ्यावर रागवायला हवं होतं. तिला वाटलं होतं की बाबाला सगळं माहीत आहे आणि तो समजून घेतोय. आणि मला काहीच माहीत नव्हतं. बर्गर खाल्ले त्याचं एवढं नाही, पण महिनाभर ती दाराकडे बघत होती आणि मी दाराच्या पलीकडे कांदा वेगळा मागत होतो. त्याचं काय करावं कळत नाही.

फ्रिजवरचा तक्ता काढला. दोन्ही रकाने भरलेले, खाडाखोड नाही. इतका सुरेख तक्ता मी फॅक्टरीतही कधी भरला नव्हता. म्हणजे भरला होता. दर सोमवारी.

सोमवार, ३१ मार्च
आज खुर्चीतून उठलो. बेचाळीस सिलिंडर पायी फिरून बघितले. दोन तास दहा मिनिटं, तीन वेळा बसलो. एकोणचाळीस सापडले. त्यांतल्या एकाने स्टोअरचं दार उघडं धरून ठेवलं होतं. स्टोअरकीपर म्हणाला, तीन वर्षं इथेच आहे, तुमच्या कागदावर जाग्यावर असतो म्हणून हलवला नाही. एकाचा काटा लाल भागात होता. तो माझ्या खुर्चीच्या मागच्या भिंतीवरचा. तीन कुठे आहेत ते कोणालाच ठाऊक नाही.

साहेबांना सगळं लिहून दिलं. नोटीसबोर्डवर लावण्यासारखं नाही, म्हणाले. उद्या भेटायला बोलावलं आहे.

पाय भयंकर दुखतायत. महिन्यातला पहिला व्यायाम.

बुधवार, २ एप्रिल
साहेबांनी लेखी ताकीद दिली. खाली सही करायची होती. आधी पूर्ण वाचली. वाचायला वाईट होती.

नव्या महिन्याचा क्लास सुरू झाला. बाईंना विचारलं, मोठी माणसं चालतात का. त्या म्हणाल्या, उथळ बाजूला चालतात. पोहायची चड्डी हिने आणली, हसू दाबत. म्हणजे बोलणं सुरू होईल.

पायऱ्या तीन. पाणी कमरेपर्यंत. तिथे सहा वर्षांची मुलं चेंडू खेळत होती. मी दोन्ही हातांनी कठडा धरला आणि हौदात पडलो होतो ते सगळं आठवलं, आईच्या सांगण्याप्रमाणेच. शेजारी मुंगी, तिचेही दोन्ही हात कठड्यावर. तिने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "बाबा, तूपण?"

मी म्हणालो, हो. लहानपणापासून.

तिने हात सरकवत सरकवत माझ्या हाताला लावला. पाऊण तास तसेच उभे होतो. कोणीच कठडा सोडला नाही. बाईंनी दोघांची कार्डं भरली.

येताना भूक लागली होती. तसं सांगितलं. तीही म्हणाली लागलीय. एक घेतला, अर्धा-अर्धा. दुकानातच बसून, काच खाली-वर न करता.

घरी नवा तक्ता. माझ्या रकान्यात मुंगीने लिहिलं: कठडा सोडला नाही, बर्गर अर्धा. खाली सही. तिच्या रकान्यात मी लिहिलं: कठडा सोडला नाही. दोनदा वाचलं, मग सही केली.

उद्या करंगळी सोडायचं ठरलं आहे. एकाच वेळी, दोघांनी. मी अजून हो म्हटलेलं नाही.