तुडुमाजवळचे रोप

मु. बोरटोला, पो. सानगडी
२ नोव्हेंबर २०२५

चि. तुलारामास ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व ठीक असे लिहायची रीत आहे म्हणून लिहिते. ठीक काही नाही. फोनवर सांगायचे तर साऱ्या आळीला ऐकू जाईल आणि तुलाच जाणार नाही, म्हणून पत्र.

आपला तलाव जलकुंभीने भरला. या काठापासून त्या काठापर्यंत पाणी दिसत नाही. शेतांना पाणी सोडायच्या तुडुमाचे तोंड बुजले, त्यामुळे खालच्या बांध्यांत शेवटचे पाणी उतरले नाही आणि धान पोचट राहिले. जे पाणी उरले ते काळे पडले आहे, वास मारते. म्हशी तोंड लावतात आणि मागे फिरतात. परवा सकाळी मासे वर येऊन तोंडे उघडत होते, दुपारपर्यंत सगळे मेले.

गावाने दोष इश्वरवर ठेवला आहे. मासेमारीचा ठेका त्याच्याकडे. मागच्या वर्षी पावसाळ्यात त्याने बाहेरून मासोळीची पिल्ले आणली, त्या डब्यांतूनच ही पीडा आली म्हणतात. आपला निकेश तलाव समितीचा अध्यक्ष, तोच सगळ्यांच्या पुढे. तेवीस तारखेला ग्रामसभा आहे. इश्वरचा ठेका काढायचा आणि त्याचा डोंगा तलावाबाहेर ओढायचा, हे ठरल्यातच जमा आहे. काल त्याची बायको रंभाबाई दारात येऊन उभी राहिली. तुमच्या मुलाला समजवा म्हणाली. मी तिला चहा दिला, शब्द दिला नाही.

गुडघ्याला तेल लावत जा. माया आहे तशीच राहू दे.

तुझी ताई
शकुन

नाकाडोंगरी
७ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस तुलारामचा शि. सा. नमस्कार.

पत्र पोचले. गुडघ्याची चौकशी तूच करतेस. तुझी भावजय म्हणते, ऐकू न येण्याचे सोंग आता मी पायांनीही घेतले आहे.

पण ताई, एक गोष्ट खटकली. तू म्हशींचे लिहिलेस, माशांचे लिहिलेस, फुलांविषयी एक अक्षर नाही. जलकुंभीला जांभळी फुले येतात, आणि फूल दिसले की तुझा पाय पुढे निघत नाही हे मला ठाऊक आहे. दोन वर्षांपूर्वी भाऊबीजेला मी तुला वैनगंगेतून काढून एक रोप दिले होते, फुगीर देठांचे. तू ते तुळशीजवळ घमेल्यात ठेवले होतेस.

सरळ विचारतो, ते रोप कुठे गेले? तुझे पत्र वाचल्यापासून घास गोड लागत नाही. उलट टपाली लिही.

राग आला तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा
तुलाराम

बोरटोला
१२ नोव्हेंबर २०२५

चि. तुलारामास आशीर्वाद.

देवाने तुझे कान नेले, त्यापेक्षा डोळे नेले असते तर माझी सुटका झाली असती.

मागच्या वर्षी अक्षय तृतीयेच्या आदल्या दिवशी घमेले गळू लागले. त्या रोपाची फुले मी देवाला वाहिली होती. देवाला फुले देणारे झाड उकिरड्यावर कसे टाकायचे? आपण निर्माल्य शिरवतो, भुजल्यांचे गव्हाचे अंकुर शिरवतो, तसेच हळदकुंकू लावून मी ते तुडुमाजवळ पाण्यात शिरवले आणि हात जोडले. एकच रोप होते रे.

महिन्याभरात तिथे सात-आठ दिसली. मी ती ओळखली. तेव्हाच उपटली असती तर अर्ध्या तासाचे काम होते. कोणी विचारील या लाजेने गेले नाही. आणि मग इश्वरचे नाव निघाले, तेव्हा मला हायसे वाटले. हो, वाटले.

आता बोलू कशी? निकेशने भर चौकात इश्वरला तलावाचा मारेकरी म्हटले आहे. खरी मारेकरी घरातच निघाली तर तो गावात मान वर करील का? त्याचे वडील गेल्यापासून मला दुसरे कोण आहे? इश्वर हातापायांनी धड आहे, दुसरा तलाव पाहील. हे वाक्य लिहून माझीच मला किळस आली, पण खोडत नाही.

हे पत्र चुलीत घाल. तरीही बहीण म्हणत जा.

शकुन

नाकाडोंगरी
१६ नोव्हेंबर २०२५

तीर्थरूप ताईस शि. सा. नमस्कार.

पत्र चुलीत घातले नाही. आमच्याकडे गॅस आहे.

दुसरा तलाव इश्वरला कोण देईल, ताई? एक तलाव बुडवला हा डाग घेऊन तो कोणत्या गावात उभा राहील? आणि त्याला हाकलून तुमचे पाणी मोकळे होणार नाही. जलकुंभी हातांनी, मुळासकट काढून काठापासून लांब वाळवावी लागेल. ती आली कशी हेच गावाला कळले नाही, तर पुढच्या वर्षी आणखी कोणी बाई हात जोडून एक रोप शिरवील.

रोप मी दिले, असे लिहून सही केलेला कागद सोबत आहे. मी स्वतः यायला निघालो होतो, पिशवीही भरली. मग वाटले, मी आलो की तू माझ्याआड लपशील, म्हणून पिशवी रिकामी केली. निकेश रागावेल, अबोला धरील. धरू दे.

तुझ्यावरचा लोभ माझ्याकडून आटायचा नाही.

तुलाराम

बोरटोला
२४ नोव्हेंबर २०२५

चि. तुलारामास आशीर्वाद.

काल सभा झाली. निकेशने अर्ज वाचला. सरपंचांनी हात वर करायला सांगितले. भराभर हात वर गेले. इश्वर दाराजवळ उकिडवा बसला होता, पायांकडे पाहत. बायकांच्या रांगेतून मी उठले. तुझा कागद हातात होता, पण अक्षरे दिसेनात, म्हणून तोंडीच सांगितले. घमेले, हळदकुंकू, तुडूम, सगळे. निकेश म्हणाला, आई, खाली बस. मी बसले नाही.

मला वाटले, इश्वर आता मला शिव्या देईल. तो उभा राहिला आणि म्हणाला, "बाई, मले मालूम होतं. तुमी शिरवत होत्या तवा मी डोंग्यातच होतो. देवाचं म्हणून मीबी हात नाई लावला."

मग आतापर्यंत बोलला काहून नाही, असे सरपंचांनी विचारले. तो म्हणाला, "म्हटलं, बाई सोताच सांगतील."

ठेक्याचा विषय पुन्हा कोणी काढला नाही. आज सकाळपासून पंधरा-वीस जण कमरेएवढ्या पाण्यात उतरून जलकुंभी ओढत आहेत. निकेशही आहे, इश्वरच्या बाजूलाच. माझ्याशी तो बोललेला नाही. भाकरी घेऊन गेले तर दुसऱ्याच्या हातून घेतली. ते मी सोसेन.

पण दुसरे सोसवत नाही. दीड वर्ष मी त्या काठावर धुणे धुवायला जात होते, तुलाराम, आणि तो मला रोज रामराम करत होता.

माया असू दे.

तुझी ताई
शकुन