सम्राटाच्या गळ्याचा ठसा

मी त्रोफिमस, रोमच्या टांकसाळीत ठसे कोरणारा, पूर्वी सम्राटाचा गुलाम, आता स्वतंत्र, वय सुमारे अडुसष्ट. नजर अधू आहे, बुद्धी ठिकाणावर आहे. कोणाच्याही दडपणाविना माझ्या पश्चातची व्यवस्था सांगून लिहवून घेत आहे.

१. केलियन टेकडीमागचे माझे दोन खोल्यांचे घर झोसिमेला द्यावे. ती टांकसाळीतला माझा सोबती अँथस याची मुलगी. चार वर्षांची असल्यापासून मी व माझ्या दिवंगत पत्नीने तिला वाढवले. मात्र तिसरे कलम तिला आधी मोठ्याने वाचून दाखवावे.

२. माझ्या कोरण्या टांकसाळीतल्या सर्वांत नव्या कारागिराला द्याव्यात. कारभारी विबिदियस याला काही नाही. अंत्ययात्रेला त्याला बोलावू नये. आलाच तर जेवू घालावे.

३. मागच्या सम्राटाचे मुख मी अकरा वर्षे नमुन्यावरून कोरले. ताठ मान, डोक्यावर पानांचा मुकुट. मग रथांच्या शर्यतीत तो दहा हातांवरून दिसला. हनुवटीखाली मांसाच्या तीन वळ्या होत्या. परतल्यावर मी तिन्ही कोरल्या. तसे काम माझ्या हातून पुन्हा झाले नाही. अँथस म्हणाला, "झकास जमलंय. आता मोडून टाक, गड्या." मी मोडला नाही. त्या ठशाने चांदीची नाणी पडली.

विबिदियस एक नाणे घेऊन आला. "हा बोकडाचा गळा कुणी कोरला रे?" अँथस तेव्हा तोच ठसा पुसत बसला होता. "तूच ना?" अँथसने माझ्याकडे पाहिले. मी मान खाली घालून कोरत राहिलो.

"हो, मीच," तो म्हणाला.

त्याला हिस्पानियातल्या चांदीच्या खाणीत धाडले. दुसऱ्या हिवाळ्यात तो तिथेच मेला. झोसिमेला मी सांगत आलो, की तो इथेच तापाने गेला.

४. हे ऐकून तिने घर नाकारले, तर कोणी तिची समजूत घालू नये. घर माझ्या पत्नीच्या भाच्याला जावे.

५. गेल्या महिन्यात तिने विचारले, "काका, बाबा दिसायचे कसे हो?" म्हणून चांदीच्या एका चकतीवर, जिथे सम्राट असतो तिथे, मी अँथसचे मुख कोरले आहे. भोवती नाव किंवा पदवी नाही. कपाळ व नाक बरोबर आले आहे. घर घेतले न घेतले तरी ती चकती तिचीच.

सात साक्षीदारांनी मजकूर न वाचता, माझ्या शब्दावर मोहोरा उमटवल्या: पाव भाजणारा स्कांतियस, नेरियस, फिलाक्स, कालिदियस, हर्मेरोस, ओप्पियस, वेट्टियस.

त्रोफिमस, सही तेवढी स्वहस्ते.
रोम, एप्रिलचा अखेरचा दिवस, विद्यमान सम्राटाचे पाचवे वर्ष.