गळ्याचं गाऱ्हाणं

१२ नोव्हेंबर २००३, तारकर्ली

कट, कट, कट! दिवसभर हेच ऐकलं. निकेत मुंबईहून कॉम्प्युटर आणि माइक घेऊन आलाय, आमच्या पडवीला गोधड्या टांगून स्टुडिओ केलाय, आणि आमचीच माणसं रेकॉर्डिंगचं वाटोळं करतायत. अकरा वर्षांनी माझा अल्बम निघतोय. माझी गिटार, शिवाचे ड्रम, सगळी गाणी मालवणी — त्रेसष्टाव्या वर्षी! ‘म्हातारो पिसाळलो’ म्हणतात बाजारात. म्हणोत.

भानगड सहाव्या गाण्यात. मधेच वाजवणं थांबवून मी गाऱ्हाणं घालतो, देवळात गुरव देवाकडे मागणं मागतो तस्संच — ‘बा देवा म्हाराजा, ह्या गाणा पुरा होवंदे, मगे माझो गळो तुझो!’ झालं. शिवाने काठ्या टाकून हात जोडले, ‘व्हय म्हाराजा!’ निकेत ओरडला. पुन्हा घेतलं. शिवाने ओठ दाबून धरले, तर दारात चहा घेऊन उभी असलेली आमची बायको प्रेमलता — ‘व्हय म्हाराजा!’ मग कुंपणापलीकडून शेजारी! निकेतने डोकं धरलं. त्याला काय सांगणार? गाऱ्हाणं कानावर पडलं की ‘व्हय’ म्हणायला आमची तोंडं आपोआप उघडतात.

शेवटी म्हटलं, राहू दे तसंच. आणि काय गाणं झालंय! अख्ख्या अल्बममध्ये असं दुसरं नाही.

१३ नोव्हेंबर

प्रेमलता बोलत नाही. ताट वाढलं आणि आत गेली. खोदून खोदून विचारलं तेव्हा फुटली — ‘गाऱ्हाणा म्हणजे काय मस्करी वाटली? गळो देवाक दिलात तुमी. आणि व्हय म्हणणारी मी!’

‘अगो, गाणं आहे ते!’

‘ता देवाक काय ठावक?’

हसलो. हसायला नको होतं. ती म्हणते गाणं अल्बममधून काढा. मी म्हटलं, मेलो तरी काढणार नाही. मी देवबिव मानत नाही, चाळीस वर्षं तिला माहीत आहे.

२० नोव्हेंबर

आवाज बसला. दोन गाणी राहिलीत आणि आत्ताच बसायचं होतं याला! हळद-दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. उद्या सुटेल.

२१ नोव्हेंबर

नाही सुटला.

२५ नोव्हेंबर

कुडाळच्या डॉक्टरांनी घशात आरसा घालून बघितलं. गाठ आहे म्हणाले. कसली ते सांगेनात. ‘गोव्याला दाखवा. तोवर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही.’

येताना गाडीत प्रेमलता खिडकीबाहेर बघत होती. मला वाटलं, आता म्हणेल — सांगितलं होतं ना? तसं म्हणाली नाही. म्हणाली असती तर भांडायला तरी बरं होतं.

२९ नोव्हेंबर

पाटी-पेन्सिल घेऊन फिरतोय, बालवाडीतल्या पोरासारखा. बसवत नाही, झोपवत नाही. गिटार घेतली की गळा आपसूक हलतो, म्हणून तीही टांगून ठेवलीय. निकेतचा मुंबईहून फोन आला. प्रेमलताने ऐकून सांगितलं — राहिलेली दोन गाणी दुसऱ्या कोणाकडून गाऊन घेऊया का? पेन्सिल फेकली! माझी गाणी दुसऱ्याच्या तोंडून? गळा गेला तर मी उरतो कोण? लोकांच्या लग्नांत खुर्चीवर बसवून ठेवायचा म्हातारा.

१ डिसेंबर

भ्यालोय. इथे लिहायला काय हरकत आहे? किनाऱ्यावर चालताना सारखं तेच डोक्यात — गळो तुझो, गळो तुझो. आणि भोवती सगळे व्हय म्हणतायत.

घरी येऊन पाटीवर लिहिलं, ‘काढू ते गाणं?’ स्वतःची शरम वाटली, तरी लिहिलं.

प्रेमलता वाचून म्हणाली, ‘आता नको. ऱ्हवांदे. बरा झालाहा ता.’

आधी काढा, आता राहू दे! हिच्या मनाचा थांग काही लागत नाही.

१२ डिसेंबर

गोव्यात गाठ काढली. तपासायला पाठवलीय. वाट बघणं.

१७ डिसेंबर

साधी गाठ! साधी! प्रेमलताने दवाखान्याच्या पायरीवरूनच हात जोडले. आवाज येईल, पण पूर्वीचा येईल असं नाही, असं डॉक्टर म्हणाले.

१८ जानेवारी २००४

झाली! दोन्ही गाणी झाली! आवाज जाड झालाय, वरचा सूर लागत नाही, खाली मात्र असा खोल जातो की शिवा बघतच राहिला. निकेत एकदाही कट म्हणाला नाही. शेवटची तार थांबली तेव्हा प्रेमलता पदर तोंडाला लावून उभी होती. आता सीडी निघू दे, मग बाजाराला बघून घेतो!

१९ जानेवारी

सकाळी काशीबाई माशांची टोपली घेऊन आली. प्रेमलता विहिरीवर होती, म्हणून मीच उठलो. खुशीत होतो. म्हटलं, दे ती सुरमई, दोघांना पोटभर होऊ दे. तिने टोपली खाली ठेवली. ‘वयनींक कित्याक? त्येनी मासे सोडले न्हय! देवळात गाऱ्हाणा घालून इले — घोवाचो गळो ऱ्हवांदे, त्याचा गाणा पण ऱ्हवांदे, बदल्यात माझे मासे घे, मरेपर्यंत. तुमका ठावक नाय?’

नाही ठाऊक. ती माझ्यामागून जेवते, आत. मी कधी डोकावलोच नाही. किनाऱ्यावर जाळं ओढणाऱ्या रापणकराची लेक ती! बांगड्याचं तिखलं नसेल तर ‘जेवलंय’ म्हणायची नाही.

दुपारी मी सुरमई बाजूला सारली, म्हटलं, तू खा, नाहीतर मीही नाही. ती भडकली. ‘गप खावा! दिलेला परत घेवचा नसता.’

तिच्यासमोर बसून रडत रडत खाल्ली.